काळ्या टी-शर्टवरचे वस्ताद

तालमीच्या पोरांना गणपतीच्या मिरवणुकीसाठी टी-शर्ट हवे होते आणि पाठीवर त्यांच्या दिवंगत वस्तादांचा फोटो हवा होता. शर्ट काळा, छपाई एकाच रंगात आणि तो रंग पांढरा, कारण दुसऱ्या रंगाचा खर्च वर्गणीत बसत नव्हता. फोटो जुना, कृष्णधवल, फेटा आणि झुपकेदार मिशांचा, मोबाइलवरून मोबाइलवर फिरत माझ्यापर्यंत आलेला. "वहिनी, लांबनं वळखू आलं पाहिजे बघा," एवढीच त्यांची अट.

आमचं काम स्क्रीन प्रिंटिंगचं, कोल्हापुरात. कापडी पिशव्या, टी-शर्ट, उपरणी, लग्नसराईत आहेराची पाकिटं. या धंद्यात जाळीतून शाई जाते किंवा जात नाही. अर्धीमुर्धी जात नाही. पांढरी शाई ओढली तर पांढरं उमटतं, न ओढली तर काळं कापड दिसतं. मधला राखाडी रंग डब्यात नसतो. फोटो म्हणजे तर सगळा राखाडीचाच खेळ: गालावरची सावली, फेट्याच्या चुण्या, कपाळावरची चमक. ते सगळं 'शाई आहे' आणि 'शाई नाही' एवढ्या दोन उत्तरांत बसवायचं होतं.

मी इंकस्केप वापरते. ते फुकट मिळतं, २००३ पासून ठिकठिकाणची माणसं मिळून ते वाढवत आली आहेत, आणि युनिकोडमधली जोडाक्षरं त्यात न मोडता उमटतात. हे व्हेक्टरचं सॉफ्टवेअर. त्यात आकार रेषांच्या गणिताने साठवलेला असतो, त्यामुळे बोटभर चिन्ह भिंतीएवढं केलं तरी त्याची कड फाटत नाही. चिन्हं, अक्षरं, वेलबुट्टी यात माझा हात बसला होता. फोटोचं काम आलं की मी ते शेजारच्या गल्लीतल्या कोरलड्रॉवाल्याकडे देत असे. पण गणपतीच्या तोंडावर त्याला फ्लेक्सच्या कामातून मान वर करायला फुरसत नव्हती. मग संध्याकाळी जाळ्या धुऊन झाल्या की मी शिकवणीचे व्हिडिओ लावून बसू लागले.

व्हिडिओवरच्या शिक्षकांच्या तऱ्हा लवकरच ओळखू येऊ लागल्या. हिंदीतले काही जण मित्रांनो म्हणून सुरुवात करतात आणि चॅनेलची घंटी दाबायला सांगण्यात चहा गार होईपर्यंतचा वेळ घेतात. पण एकदा कामाला लागले की बारीकसारीक पायरीही सोडत नाहीत. इंग्रजीतले डिझायनर नेमकं बोलतात, पण दोन पायऱ्या सगळ्यांना येत असणार असं धरून चालतात, आणि नेमक्या त्याच दोन मला हव्या असतात. मला सर्वांत मानवले ते न बोलणारे. पडद्यावर फक्त बाण फिरतो, मागे संगीत, आणि खाली कोपऱ्यात दाबलेल्या कळांची नावं उमटतात. कुठल्या देशातला माणूस आहे हे कळतसुद्धा नाही. त्याची भाषा समजण्याचा प्रश्नच येत नाही. त्याचा हात कुठे जातो एवढंच बघायचं.

असे व्हिडिओ बघण्याचंही एक तंत्र असतं आणि ते कुणी शिकवत नाही. वेग पाऊणपट करायचा. जे ची कळ दाबली की दहा सेकंद मागे जाता येतं. व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबल्या की चित्र एकेक चौकट मागेपुढे सरकतं. भरभर उघडून मिटणारी खिडकी अशीच पकडता येते. आणि सगळ्यात आधी व्हिडिओचं साल बघायचं. २०२० च्या मे महिन्यात इंकस्केपची १.० आवृत्ती आली, त्यानंतरही खिडक्यांची मांडणी बदलत गेली. जुन्या व्हिडिओत एका जागी दिसणारं बटण माझ्या पडद्यावर भलतीकडेच असायचं. साल कळलं की तो गोंधळ निम्मा होतो.

फोटोच्या कामाचे व्हिडिओ शोधणाऱ्या प्रत्येकाला पहिला भेटतो तो ट्रेस बिटमॅप. फोटोवरून तो थेट व्हेक्टर आकार काढून देतो. त्याच्या पोटात पोट्रेस नावाचा प्रोग्राम आहे, पीटर सेलिंगर या गणितज्ञाने लिहिलेला. त्यात उजळपणाची एक मर्यादा ठरवायची: तिच्यापेक्षा गडद ते सगळं काळं, फिकट ते सगळं पांढरं. व्हिडिओत याच्यावर एका हसऱ्या मुलीचा चेहरा झोकात निघतो, कारण तो फोटो स्टुडिओत, एका बाजूने प्रखर उजेड टाकून काढलेला असतो. वस्तादांचा फोटो उन्हात, फेट्याच्या सावलीत. आकडा वाढवला की मिशी गालाच्या सावलीत मिसळायची, कमी केला की कपाळ आणि फेटा एक व्हायचे. सगळ्या चेहऱ्याला एकच मर्यादा लावून चालत नव्हतं. उजळपणाच्या चार पायऱ्या पाडून घेण्याची सोय तिथे आहे, पण चार पायऱ्या म्हणजे चार जाळ्या आणि चार शाया. आमच्याकडे पांढऱ्याचा एकच डबा.

मग ठिपक्यांचा रस्ता सापडला. अशाच एका मुक्या शिक्षकाने तो दाखवला, आणि ज्या जागी दाखवला तिथे मी कधी डोकावलेच नव्हते. एडिट, क्लोन आणि त्यात टाइल्ड क्लोनची खिडकी. नक्षीसाठी एकाच आकाराच्या रांगाच्या रांगा मांडायची ती सोय. तिच्या अगदी शेवटच्या कप्प्यात ट्रेस असं लिहिलेलं आहे. एक छोटं वर्तुळ काढायचं, ते फोटोच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर ठेवायचं आणि सांगायचं की याच्या प्रती फोटोभर पसर, पण प्रत्येक प्रतीने आपल्याखालचा फोटो किती उजळ आहे ते बघावं आणि त्या मापाने आपला आकार ठरवावा. बटण दाबलं की फोटोच्या अंगावर हजारो वर्तुळं उगवतात, कुठे मोठी, कुठे टाचणीच्या टोकाएवढी. खालचा फोटो काढून टाकला तरी चेहरा राहतो. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नवऱ्याला जाळी धुताधुता हाक मारून बोलावलं होतं.

रांगा सरळ ठेवल्या तर डोळ्यांना चेहऱ्याआधी आडव्या-उभ्या रेघा दिसतात. म्हणून शिफ्टच्या कप्प्यात जाऊन एकाआड एक ओळ अर्ध्या घराने सरकवायची, ठिपक्यांच्या रांगोळीत आपण पाच ते तीन मांडताना सरकवतो तशी. रांगा तिरक्या झाल्या की डोळा त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो.

इथपर्यंत शिक्षकाने बोट धरून आणलं. तो पांढऱ्या कागदावर काळे ठिपके काढत होता, त्याला गडद भागात मोठे ठिपके हवे होते आणि ते तसेच येत होते, म्हणून इन्व्हर्टच्या चौकोनाला त्याने हात लावला नाही. माझं कापड काळं आणि शाई पांढरी. मला उजळ भागातच मोठे ठिपके हवे होते, त्यामुळे त्या चौकोनावर मी खूण केली. मागे काळा चौकोन टाकून ठिपके पांढरे करून बघितले. फोटोतलं गर्दीचं, खांबांचं, तंबूचं काळपट पार्श्वदृश्य आपोआप कापडात विरून गेलं आणि वस्ताद एकटे पुढे आले. जे कापायला मी वेगळा व्हिडिओ शोधणार होते ते काम कापडाच्या रंगानेच केलं.

अडलं ते फेट्यापाशी. फेटा पांढराशुभ्र हवा, पण पडद्यावर तो मळकट दिसत होता. आकडेमोड केली तेव्हा कारण कळलं. प्रत्येक ठिपका आपल्या घराला चारी बाजूंनी टेकेपर्यंतच वाढतो, आणि चौकोनात मावणारं सगळ्यात मोठं वर्तुळ त्या चौकोनाचा साधारण ७८.५ टक्के भाग व्यापतं. कोपरे काळेच राहतात. म्हणजे कितीही उजळ जागा असली तरी शाईचा साधारण पाचवा भाग तिला कधी मिळणारच नाही. शिफ्टच्या कप्प्यात घरांमधलं अंतर उणे टक्क्यांत दिलं, शेजारचे मोठे ठिपके एकमेकांवर चढू लागले आणि फेटा उजळला. व्हिडिओत हा भाग नव्हता, कारण त्या शिक्षकाला काळ्या शर्टावर पांढरा फेटा छापायचा नव्हता.

याच सुमारास मी माळ्यावरून वडिलांचे जुने ब्लॉक खाली काढले. त्यांचा ट्रेडल प्रेस होता. खिळे जुळवून हँडबिलं, निमंत्रणं, सोसायट्यांचे अहवाल छापायचे. चित्र छापायचं असलं की ब्लॉक पुण्याहून करून यायचा. त्याचे दोन प्रकार. लाइन ब्लॉक सहीसाठी, शिक्क्यासाठी, रेषेच्या चित्रासाठी; हाफटोन ब्लॉक फोटोसाठी, आणि तो महाग. ब्लॉकची ऑर्डर देताना वडील फोटोबद्दल बोलण्याआधी कागद सांगायचे. न्यूजप्रिंट असेल तर ६५ रेघांचा स्क्रीन, आर्ट पेपर असेल तर १२० च्या पुढे. रेघा म्हणजे एका इंचात ठिपक्यांच्या किती ओळी. खरबरीत कागदावर बारीक ठिपका पसरतो, शेजाऱ्याला चिकटतो आणि फोटोच्या जागी डाग उरतो. लहानपणी हे आकडे माझ्या कानांवरून गेले होते, बस एवढंच. आता भिंगाखाली एका अध्यक्षांचा हाफटोन ब्लॉक धरला, तर माझ्या पडद्यावरचेच ठिपके जस्ताच्या पत्र्यावर कोरलेले दिसले.

त्या ठिपक्यांमागे बरीच डोकी खपली आहेत. म्युनिकच्या गेओर्ग मायझेनबाखने १८८२ मध्ये हाफटोनचं पेटंट घेतलं. फिलाडेल्फियाच्या लेव्ही बंधूंनी काचेवर आडव्या-उभ्या बारीक रेघा कोरून स्क्रीन तयार केले. त्या काचेतून फोटोचा फोटो काढायचा म्हणजे राखाडीचे ठिपके होतात. आपल्याकडे कोलकात्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरी, म्हणजे सत्यजित राय यांचे आजोबा, याच स्क्रीनच्या गणितावर संशोधन करत होते आणि पेनरोज या ब्रिटिश मुद्रण-वार्षिकात त्यांचे लेख छापून येत होते. या सगळ्यांचा प्रश्न माझाच होता: यंत्राजवळ एकच शाई आहे, राखाडी आणायचा कुठून?

आता मला वडिलांच्या पद्धतीने आधी कापड बघणं भाग होतं. आमच्या जाळीत सेंटिमीटरला ७७ धागे, म्हणजे इंचाला साधारण १९५. ठिपक्यांच्या एका ओळीमागे जाळीचे चार-पाच धागे हवेत, असा कामातला ठोकताळा आहे. म्हणजे इंचाला चाळीसएक ओळींपर्यंत जाता आलं असतं. पण चित्र दहा इंच रुंद, बारा इंच उंच. चाळीस ओळींनी त्यात १,९२,००० ठिपके होतात, आणि इंकस्केप यातला प्रत्येक ठिपका वेगळी वस्तू म्हणून सांभाळणार. आमच्या जुन्या संगणकाला ते झेपणारं नव्हतं. एवढे बारीक ठिपके हवेच असतील तर ते व्हेक्टरमध्ये करू नयेत. गिंपमध्ये न्यूजप्रिंट नावाचा फिल्टर आहे, तो हे काम करतो. कोरलड्रॉतही फोटो निव्वळ काळा-पांढरा करताना हाफटोन निवडून ओळी आणि कोन ठरवता येतात.

पण पोरांची अट 'लांबनं' अशी होती. मिरवणुकीत पुढच्याच्या पाठीकडे कुणी भिंग घेऊन बघत नाही. मी इंचाला बारा ओळी धरल्या. १७,२८० ठिपके झाले; संगणकाने दम खाल्ला, पण काढले. हातभरावरून बघितलं तर नुसते ठिपके. दुकानाच्या शटरपासून बघितलं तर मिशांसकट वस्ताद. सगळ्या प्रती मूळ ठिपक्यापासून सोडवून, एकत्र जोडून, काळ्या रंगात ट्रेसिंग पेपरवर छापून घेतल्या, कारण जाळी उजेडात धरताना जिथे काळं असतं तिथलंच इमल्शन धुऊन निघतं आणि तिथूनच शाई जाते. ट्रेसिंग पेपरवर वस्ताद निगेटिव्हसारखे दिसत होते, फेटा काळा आणि मिशी पांढरी. नवरा म्हणाला, "हे बघून पोरं पळून जातील." काळ्या कापडाच्या तुकड्यावर पहिला हात ओढला, सुकवला, पांढऱ्याला जोर यावा म्हणून दुसरा हात मारला, तेव्हा चित्र सुलट झालं. मिशीच्या टोकाचे अगदी बारके ठिपके धरले नाहीत. सगळ्यात लहान ठिपके थोडे मोठे करून ती टोकं परत आणली.

तालमीचं नाव चेहऱ्याखाली कमानीत हवं होतं, जाड कडेसह. इथे इंग्रजी शिकवण्या पुऱ्या पडत नाहीत, कारण रोमन अक्षरं एकमेकांना टेकत नाहीत आणि आपली शिरोरेषेने बांधलेली असतात. अक्षरं वक्र रेषेवर बसवली की प्रत्येक अक्षर स्वतंत्र कलतं आणि शिरोरेषेत खाचा पडतात. कड दिली की जिथे दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकांवर येतात तिथे उभे सांधे दिसू लागतात. पारदर्शक केली तर त्याच जागी गडद चट्टे. त्यावर उपाय एकाच क्रमाने लागू पडतो: शब्द आधी आकारात बदलायचा, गट सोडवायचा, युनियन करून सगळी अक्षरं एकसंध करायची, आणि मग पाथ इफेक्टमधलं बेंड वापरून अख्खा शब्द वाकवायचा. शिरोरेषा मग एकच पट्टी असल्यासारखी वळते. हा क्रम मी दोन-तीन वेगवेगळ्या व्हिडिओंतले तुकडे जोडून बसवला. त्यातला एकही व्हिडिओ देवनागरीबद्दल नव्हता.

टी-शर्ट गेले, पण संध्याकाळी व्हिडिओ बघण्याची सवय राहिली, आणि बघण्याची नजर बदलली. मेन्यूत इफेक्ट म्हणून ओळीने मांडलेल्या बहुतेक गोष्टी कधीतरी कुणाची तरी अडचण होत्या, असं मला आता दिसतं. रंग जागेवरून सरकल्यासारखा दिसणारा 'रेट्रो' परिणाम घ्या. त्याचे ढिगाने व्हिडिओ आहेत: लाल थोडा डावीकडे, निळा थोडा उजवीकडे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे देवादिकांच्या चित्रातल्या प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असायचा, आणि प्रत्येक दगड मागच्या रंगावर बरोबर बसवण्यात कारागिरांचं सगळं कसब पणाला लागायचं. माझे वडील दोन रंगांच्या पत्रिकेत केसभर फरक पडला तर गठ्ठा बाजूला काढायचे. तोच फरक आता लोक मुद्दाम पाडतात आणि तो कसा पाडायचा ते शिकवतात.

किंवा टर्ब्युलन्स घ्या. कागद जुना, छपाई झिजलेली दाखवायची असली की सगळे शिक्षक याच फिल्टरकडे वळतात. त्याच्यामागचं गणित केन पर्लिन यांचं. १९८२ च्या 'ट्रॉन' या चित्रपटासाठी संगणकावर केलेली चित्रं फारच गुळगुळीत, यंत्रातून काढल्यासारखी दिसतात, ही त्यांची तक्रार होती. त्यातून त्यांनी निसर्गातल्यासारखा खडबडीतपणा गणिताने निर्माण करायची रीत काढली. १९९७ मध्ये त्यांना तांत्रिक कामगिरीचं ऑस्कर मिळालं ते त्यासाठीच.

हे कळल्यापासून कुठलाही नवा व्हिडिओ बघताना मी दोन गोष्टी शोधते: हा परिणाम मुळात कशावर तोडगा होता, आणि ती अडचण माझ्या टेबलावर आहे का. बहुतेक शिक्षकांचं काम पडद्यावर संपतं आणि त्यांचा काही दोष नाही. त्यांना पडद्यावरच दाखवायचं असतं. छापणाऱ्याचं काम तिथून सुरू होतं. साधी गोष्ट, इंकस्केपमधले धूसर सावल्यांसारखे फिल्टर पीडीएफ करताना पुन्हा ठिपक्यांचं चित्र बनतात, आणि त्यासाठी आधीपासून भरलेला आकडा इंचाला ९६ चा असतो. पडद्याला तो पुरतो. कागदासाठी तो हाताने ३०० करावा लागतो, नाहीतर व्हेक्टर म्हणून पाठवलेल्या चित्राची सावली छापून आल्यावर चौकोनी तुकड्यांची दिसते. हे मला कुठल्याच व्हिडिओने सांगितलं नाही. एक्सपोर्टच्या खिडकीतली प्रत्येक ओळ वाचत गेले तेव्हा दिसलं.

मिरवणुकीनंतर गुळाचे एक व्यापारी दुकानात आले. त्यांनी तालमीचे टी-शर्ट बघितले होते आणि गुळाच्या पिशवीवर त्यांना गुऱ्हाळाचा फोटो तसाच हवा होता. "त्या ठिपक्यांचं करा, काय खर्च यायचा तो येऊ दे." पिशवी मांजरपाटाची होती. मी कापड बोटांनी ताणून त्यांना विणीतली भोकं दाखवली आणि वस्तादांच्या जाळीने एक हात त्याच्यावर ओढून दाखवला. मोठे ठिपके कसेबसे बसले, बारके विणीत बुडाले. मग कागदावर रेघांनीच ऊस, चुलवाणाचं धुराडं आणि काहील काढून दिली.

"एवढं शिकलाय, आणि नको म्हणताय?" ते म्हणाले.

"मांजरपाटावर रेघ बसते," मी म्हटलं, "आणि एका हातात भागतं."

दर ऐकल्यावर त्यांनी ठरवल्यापेक्षा दुप्पट पिशव्या सांगितल्या.